टॉर्क रेंच घ्यायचाय? आधी गाडीचे पाच बोल्ट कागदावर लिहा

चाकाचे नट जितके घट्ट तितकी गाडी सुरक्षित, हा समज जवळपास प्रत्येक घरात आहे. प्रत्यक्षात प्रत्येक नट-बोल्टला किती आवळायचे याचा आकडा ठरलेला असतो आणि तो मोजणारा पाना घरी ठेवता येतो. मात्र चुकीचा टॉर्क रेंच घेतला तर साध्या पान्यापेक्षा जास्त नुकसान होते. ते कसे, आणि योग्य कोणता?

गेल्या जुलैतला रविवार. मी आणि आई-बाबा पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. शिरवळ मागे पडले आणि खंबाटकी घाट यायच्या आधीच डावीकडचे मागचे चाक बसले. पावसाची रिपरिप, शेजारून धडधडत जाणारे कंटेनर. स्टेपनीत हवा होती, जॅक होता, पाना होता. चाक बदलायला वीस मिनिटे पुरेत, असा माझा अंदाज. मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी घरात फ्रेम करून लावलेली असली की असे अंदाज सहज सुचतात.

पहिलाच नट हलेना. मी पान्यावर चढून उभी राहिले, तरी हलेना. ‘बाजूला हो, तुझं वजन ते काय!’ म्हणत बाबा उभे राहिले. तरीही तेच. शेवटी मागे थांबलेल्या एका ट्रकचालकाने केबिनमधून दोन फुटी पाइप आणला, तो पान्यात अडकवला आणि जोर लावला. तीन नट कुरकुरत सुटले. चौथ्याचा स्टडच कट्‌कन तुटला. उरलेल्या तीन नटांवर, रस्त्याच्या कडेने रांगत आम्ही पुढचे गॅरेज गाठले. तो प्रवास मी कुणालाही सुचवणार नाही.

गंज म्हणावा तर दहा दिवसांपूर्वीच चारही टायर बदलले होते. दुकानातल्या मुलाने हवेच्या गनने प्रत्येक नटावर दोन-तीन वेळा ‘टर्रर्र’ केले होते आणि आम्ही समाधानाने पाहत उभे होतो. घट्ट बसले म्हणजे काम चोख झाले, असेच वाटले होते.

पान्याच्या टोकाला नेमके काय घडते?

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. पान्याच्या दांड्यावर लावलेला जोर गुणिले नटाच्या मध्यापासूनचे अंतर, इतके सोपे गणित. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला एक न्यूटन जोर लावला की एक न्यूटन मीटर. एक किलो वजनाचा भार साधारण ९.८ न्यूटन असतो.

आता गाडीसोबत येणारा चाकपाना घ्या. त्याचा दांडा सुमारे ३० सेंटिमीटर. त्याच्या टोकावर ३५ किलोंइतका जोर हाताने दिला तर ३५ गुणिले ९.८ गुणिले ०.३, म्हणजे जवळपास १०३ न्यूटन मीटर होतात. बहुतेक छोट्या कारच्या चाकाला इतकेच लागते. म्हणजे धडधाकट माणसाने दोन्ही हातांनी नीट दाबले तरी काम होते. ७० किलोंचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला की आकडा २०६ वर जातो, सरळ दुप्पट. आणि दांडा पाइप लावून ६० सेंटिमीटरचा केला की ४१२. आमचा नट २००च्या वर आवळलेला होता, हे बाबांच्या वजनावरूनच कळले.

पण हा टॉर्क जातो कुठे? नट फिरतो तसा बोल्ट ताणला जातो, अगदी कणभर, पण ताणला जातो. लोखंडी बोल्ट ही फार ताठ स्प्रिंगच असते. ताणलेली ती स्प्रिंग मूळ लांबीवर यायला पाहते आणि त्या ओढीने चाक हबला दाबून धरते. चाक नटाच्या दांड्यावर लटकलेले नसते, ते या दाबाने धरलेले असते. १२ मिमी जाडीच्या स्टडला १०० न्यूटन मीटर दिले की कोरड्या आट्यांवर साधारण चार टनांची ओढ तयार होते. एका नटाची चार टन, असे चार किंवा पाच नट एका चाकाला.

ओढ कमी पडली तर चाक हबवर सूक्ष्म सरकत राहते, नट सैल होत जातात, शेवटी चाक निखळते. ओढ जास्त झाली तर स्टड कायमचा लांबतो. स्प्रिंग फार ताणून सोडली की पूर्ववत होत नाही, तसेच. असा लांबलेला स्टड दिसायला ठीकठाक असतो, पण पुढच्या वेळी किंवा त्याच्या पुढच्या वेळी तुटतो. नट एकसारखे आवळलेले नसले तर ब्रेक डिस्कही किंचित तिरपी बसू शकते, मग ब्रेक मारताना पेडल थरथरते आणि आपण ब्रेक पॅडना दोष देत बसतो.

हाताचा अंदाज का चुकतो?

‘वीस वर्षे हाच धंदा करतोय, हाताला कळतं’, असे सांगणारे मेकॅनिक प्रत्येक गावात भेटतात आणि त्यातले काही खरोखरच पटाईत असतात. पण हाताला जे कळते ते घर्षण असते, बोल्टची ओढ नव्हे. आपण लावलेल्या जोरातला साधारण निम्मा भाग नटाच्या खालच्या पृष्ठभागावर घासण्यात जातो, आणखी ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांमध्ये. बोल्ट ताणण्यासाठी उरतात जेमतेम दहा टक्के.

त्यामुळे घर्षण बदलले की सगळेच बदलते. आट्यांवर ऑइलचा हात फिरला तर तेवढ्याच टॉर्कला ओढ चार टनांऐवजी साडेपाच टनांवर जाऊ शकते. गंज चढला असेल तर नट घट्ट वाटतो, पण ओढ तयारच झालेली नसते. म्हणून ‘जाम होऊ नये’ या सद्हेतूने चाकाच्या स्टडला ग्रीस लावणे टाळावे. कंपनीचा आकडा सहसा स्वच्छ, कोरड्या आट्यांसाठी असतो. तारेच्या ब्रशने आटे साफ करायचे, बास.

टॉर्क रेंचही शेवटी ओढ मोजत नाही, टॉर्कच मोजतो. पण माणसागणिक, पान्यागणिक आणि मूडगणिक बदलणारी गोष्ट तो निदान एका आकड्यावर आणून ठेवतो. हा पाना मोटारींसाठी जन्मला नव्हता. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा विभागात काम करणाऱ्या कॉनरॅड बार यांना १९१८च्या सुमारास त्याची कल्पना सुचली, असे मानले जाते. जमिनीखालच्या जलवाहिन्यांच्या जोडांवरचे बोल्ट कामगार गरजेपेक्षा जास्त आवळत, ही त्यांची अडचण होती. शंभर वर्षांनी आपल्या पार्किंगमध्ये अडचण तीच आहे.

आधी यादी, मग खरेदी

बहुतेक जण उलटे करतात. ऑनलाइन दुकानात ‘टॉर्क रेंच’ शोधतात, सर्वाधिक स्टार असलेला, मोठा, डब्यासकट येणारा अर्धा इंची पाना घेतात आणि मग तो कुठे वापरायचा ते पाहतात. मीही तेच केले, त्याची किंमत पुढे सांगते.

त्याऐवजी गाडीचे मॅन्युअल काढा. हातात येणाऱ्या छापील पुस्तिकेत सहसा चाकाच्या नटाचा आकडा असतो, बाकीचे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात. जी कामे तुम्ही घरी खरोखर करणार आहात तेवढेच चार-पाच बोल्ट आणि त्यांचे आकडे कागदावर लिहा. इंजिन उघडायची स्वप्ने यादीत धरू नका. सिलिंडर हेडच्या अनेक बोल्टना आधी टॉर्क आणि मग अंशांमध्ये मोजून फिरवावे लागते, त्यातले काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ते काम घरचे नव्हे.

कारच्या चाकांचे आकडे साधारण ८५ ते १३० न्यूटन मीटरमध्ये येतात, पण ‘साधारण’वर थांबू नका. मारुती सुझुकीच्या आधीच्या अनेक मॉडेलांत ८५ आहे, नंतरच्या काहींत १००. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत १०३, होंडाच्या कारमध्ये १०८. ह्युंदाईच्या जुन्या गाड्यांना ८८ ते १०७, नव्या अनेक गाड्यांना १०७ ते १२७. एकाच कंपनीत असा फरक असेल तर शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला कसा चालेल?

स्पार्क प्लगचे आकडे यापेक्षा खूपच लहान. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये १४ मिमी आट्यांच्या प्लगला २५ ते ३०, १२ मिमीला १५ ते २०, आणि बऱ्याच दुचाकींत असतो त्या १० मिमीच्या प्लगला अवघे १० ते १२ न्यूटन मीटर. दुचाकीच्या ऑइलचा ड्रेन बोल्ट बहुधा २०-३०च्या आसपास, कव्हरचे ६ मिमी बोल्ट १०च्या आसपास, तर मागचा ॲक्सल मॉडेलप्रमाणे ५० ते १००च्या घरात. सायकलवाल्यांचे जग आणखी नाजूक. कार्बन सीटपोस्टचा क्लॅम्प ४-६ न्यूटन मीटरवर थांबतो, त्यापुढे कार्बनला तडा जातो.

यादी झाली की दोन गोष्टी एकदम दिसतात. कारच्या चाकाला लागणारा पाना आणि स्पार्क प्लगला लागणारा पाना एक असू शकत नाही. आणि तुमच्याकडे फक्त कार असेल, ऑइल वगैरे सर्व्हिस सेंटरलाच बदलत असाल, तर तुम्हाला एकच, मोठा पाना पुरतो.

लिहिताना एककाकडे नीट पाहा. काही मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर असते, त्याला ९.८ने गुणले की न्यूटन मीटर मिळतात. अमेरिकी पद्धतीच्या पान्यांवर फूट-पाउंड असते, तिथे गुणक १.३६. एकाच दांड्यावर दोन्ही पट्ट्या छापलेल्या असतात आणि घाईत चुकीची वाचली जाते. होंडाचे १०८ चुकून फूट-पाउंडच्या पट्टीवर लावले तर नटाला १४६ न्यूटन मीटर बसतात, तेही ‘मोजून आवळल्याच्या’ समाधानासकट.

काटा, क्लिक की डिजिटल?

सर्वांत साधा प्रकार काट्याचा, म्हणजे बीम रेंच. एक जाड दांडा, त्याच्या शेजारी एक बारीक काटा आणि मुठीजवळ आकड्यांची पट्टी. जोर लावला की दांडा वाकतो, काटा सरळ राहतो, फरक पट्टीवर वाचायचा. आत स्प्रिंग नाही, लॉक नाही, बिघडण्यासारखे काहीच नाही. पडून काटा शून्यावरून सरकला तर तोच हलकेच वाकवून परत आणता येतो. दोन्ही दिशांना चालतो. अडचण एवढीच, की आकडा बरोबर समोरून वाचावा लागतो. चाकाशी उकिडवे बसून, मान वाकडी करून, संध्याकाळच्या उजेडात ते जमत नाही. तिरके पाहिले की पाच-सात न्यूटन मीटर इकडेतिकडे. कमी खर्चात सुरुवात करायची असेल तर मात्र स्वस्तातल्या क्लिकपेक्षा मी काट्याचाच घ्या म्हणेन. खोटे बोलायची त्याची क्षमता कमी असते.

दुसरा, सगळीकडे दिसणारा, क्लिकचा. मूठ फिरवून आकडा लावायचा, तशी आतली स्प्रिंग दाबली जाते. तेवढा टॉर्क झाला की आतला ठोकळा कलंडतो, ‘कट्’ असा आवाज येतो आणि हाताला झटका जाणवतो. अंधारात, वाकड्या जागेत, एका हाताने चालतो. चाकांसाठी हाच सोयीचा. पण एक गैरसमज काढून टाका: क्लिक झाल्यावर पाना थांबत नाही. तो फक्त कळवतो. पुढे ओढत राहिलात तर नट फिरत राहतो. खात्रीसाठी तीन-तीन वेळा क्लिक करण्याची सवय अनेकांना असते, प्रत्येक वेळी नट थोडा पुढे जायची शक्यता असते. पहिल्या क्लिकला हात काढायचा.

डिजिटल पाना आकडा दाखवतो, जवळ आला की बीप करतो, चांगल्यातला असेल तर अंशही मोजतो. अचूकता बऱ्याचदा सर्वांत चांगली. पण सहा महिन्यांनी डबा उघडाल तेव्हा बॅटरी उतरलेली असेल, आणि घाटात, पावसात तो काढायची हिंमत होणार नाही. हौस असेल तर जरूर घ्या. गरज म्हणून मी सुचवणार नाही.

सायकलसाठी ५ न्यूटन मीटरवर कायमची सेट केलेली, ‘टी’ आकाराची छोटी किल्ली मिळते. आकडा लावायचा नाही, चुकायचे नाही.

२८च्या खालचे २४

आता माझी चूक. खंबाटकीच्या प्रसंगानंतर मी तावातावाने २८ ते २१० न्यूटन मीटरचा अर्धा इंची क्लिक रेंच मागवला. चाकांसाठी तो उत्तमच होता. मग एका शनिवारी बाइकचे ऑइल बदलायला बसले. मॅन्युअलमध्ये ड्रेन बोल्टला २४. पान्याची पट्टी २८ला संपत होती. मी हिशेब केला, चार न्यूटन मीटरचा तर प्रश्न, आणि मूठ खालच्या खुणेच्याही खाली थोडी सैल केली.

क्लिक झाला असेल तर मला ऐकू आला नाही. अर्धा मीटर लांबीच्या दांड्याला २४ न्यूटन मीटरसाठी पाच किलोंचा जोरही पुरतो. तो दांडा इतका जड आणि लांब, की हाताला काही जाणवायच्या आत बोल्ट आधी कडक झाला, मग अचानक मऊ. ज्यांचे आटे कधी गेले आहेत त्यांना तो मऊपणा माहीत असेल. इंजिनच्या ॲल्युमिनियमचे आटे बोल्टसोबत गुंडाळून बाहेर आले. हेलिकॉइल बसवून घ्यावी लागली, बाइक चार दिवस गॅरेजमध्ये. मेकॅनिककाका काही बोलले नाहीत, फक्त ‘मोजून आवळला होता का?’ एवढेच विचारले.

म्हणून पाना निवडताना जास्तीत जास्त आकड्याकडे नाही, खालच्या आकड्याकडे पाहायचे. क्लिक रेंचची अचूकता बहुधा ‘अधिक-उणे ४ टक्के’ अशी लिहिलेली असते आणि ती त्याच्या कमाल आकड्याच्या २० टक्क्यांपासून वर लागू असते. आयएसओ ६७८९ हे यासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार १० न्यूटन मीटरच्या वरच्या पान्यांना ४ टक्के आणि त्याखालच्यांना ६ टक्के चूक माफ असते. डब्यावर या मानकाचा उल्लेख आणि त्या विशिष्ट पान्याच्या क्रमांकासह तपासणीचा कागद असेल तर चांगली खूण.

हे ४ टक्के कशाचे, तेही वाचा. वाचलेल्या आकड्याचे असतील तर १००वर चूक ४ न्यूटन मीटर, काळजी नाही. पण काही स्वस्त पान्यांवर ती ‘फुल स्केल’ची असते. २०० न्यूटन मीटरच्या पान्यात फुल स्केलचे ४ टक्के म्हणजे ८ न्यूटन मीटर, आणि ते प्रत्येक आकड्यावर. १००ला चालून जाईल, २०ला लावले तर चूक ४० टक्के.

माझा ठोकताळा सोपा आहे. यादीतले आकडे पान्याच्या पट्टीच्या मधल्या भागात यावेत. कारच्या चाकांसाठी अर्धा इंच ड्राइव्हचा, २८ ते २१० किंवा ४० ते २०० या टप्प्यातला. दुचाकीवाल्यांसाठी तीन-अष्टमांश इंची, १० ते ६०च्या आसपासचा. यात ड्रेन बोल्ट, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट, बहुतेक स्पार्क प्लग येतात. ॲक्सल घरी काढत असाल तर त्याला मोठा पाना लागेल. आणि ६ मिमीच्या बोल्टवर काम करत असाल तर पाव इंची, ५ ते २५चा. कार आणि बाइक दोन्ही घरी असतील तर एक महागडा घेण्याऐवजी दोन मध्यम घ्या. मी आता तेच केले आहे, चार दिवसांच्या रिक्षाभाड्यानंतर.

सॉकेट विसरू नका. चाकांच्या नटांना बहुधा १९ किंवा २१ मिमीचे, सहा कोनांचे आणि खोल सॉकेट लागते. बारा कोनांचे स्वस्त सॉकेट नटाचे कोपरे खाते.

हातात आल्यावर

टॉर्क रेंचने नट सोडवायचा नाही. त्यासाठी गाडीसोबतचा पाना किंवा लांब दांड्याचा वेगळा पाना. जाम नटाला किती जोर लागेल ते माहीत नसते, तो पान्याच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो आणि पुढची सगळी मोजमापे बिघडतात. दांड्याला पाइप तर कधीच नाही. मुठीच्या मध्यावर हात ठेवून, झटका न देता, सावकाश ओढायचे. सॉकेट आणि पाना यांच्यामध्ये सरळ एक्स्टेंशन लावले तर टॉर्क बदलत नाही, दांड्याची लांबी वाढवणारे काही लावले तर बदलतो.

चाक बसवताना गाडी जॅकवर असताना नट आधी हाताने फिरवून आटे नीट धरले आहेत ना ते पाहा, मग साध्या पान्याने टेकवा. समोरासमोरचे नट घ्यायचे, गोल फिरायचे नाही. गाडी खाली उतरवून टायर जमिनीला टेकले, की मग टॉर्क रेंच. त्याच क्रमाने दोन टप्प्यांत: १०० द्यायचे असतील तर आधी ६०, नंतर १००.

आधीच आवळलेल्या नटावर रेंच लावला आणि क्लिक झाला, तर त्याचा अर्थ ‘निदान इतका तरी आहे’ एवढाच. तो ३००ला आवळलेला असला तरी १००ला क्लिक होईलच. टायरच्या दुकानातून आल्यावर तपासायचे असेल तर गाडी जमिनीवर उभी ठेवून एकेक नट पाव फेरा सोडा आणि पुन्हा आवळा. एका वेळी एकच.

काम झाले की क्लिक रेंचची मूठ पट्टीवरच्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, त्याखाली नाही. स्प्रिंग महिनोन्‌महिने दाबलेली राहिली तर थकते. पाना दाणकन पडला तर त्याच्यावर लगेच विश्वास टाकू नका.

वर्षातून एकदा किंवा पाच हजार क्लिकनंतर तपासणी, असा कारखान्यांचा नियम आहे. घरच्या पान्याचे वर्षाला शंभर क्लिकही होत नाहीत. दोन-तीन वर्षांनी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कॅलिब्रेशन करून घेतले तर उत्तम, पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात अशा प्रयोगशाळा आहेत. तोवर घरगुती पडताळणी करता येते. पान्याचे चौकोनी टोक व्हाइसमध्ये पकडून दांडा आडवा ठेवा. टोकाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंतचे अंतर ४० सेंटिमीटर असेल आणि तिथे २० किलोंचे वजन टांगले, तर टॉर्क ७८ न्यूटन मीटर होतो. पान्याच्या स्वतःच्या वजनाची दोन-तीनची भर त्यात पडते. ७५ला लावलेला पाना वजन हलकेच सोडल्यावर क्लिक व्हायला हवा आणि ९०ला लावलेला होता कामा नये. तुमच्या पान्याची लांबी वेगळी असेल तर गणित तेवढे बदलून घ्या. हे प्रमाणपत्र नव्हे, पण पाना साफ चुकतो आहे का ते कळते.

टायरच्या दुकानात काय म्हणायचे?

हवेची गन वाईट नाही. नट सोडवायला आणि टेकेपर्यंत फिरवायला ती वेळ वाचवते. शेवटचे आवळणे तिच्यावर सोडले की आकडा हातातून जातो, कारण तो हवेच्या दाबावर, गनच्या तब्येतीवर आणि मुलगा ट्रिगर किती वेळ दाबतो यावर ठरतो. मी आता दुकानात आधीच सांगते: ‘दादा, गनने फक्त टेकवा, शेवटचं हाताने करू.’ पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे, मग पान्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिले. ‘मॅडम, आमच्या हातून आजवर एकही चाक निघालं नाही,’ असेही ऐकवले. मी म्हटले, ‘निघालं नाही हीच तर अडचण होती.’ आता रेंच डिकीतून काढला की तिथला मुलगाच विचारतो, ‘किती लावू?’

चाक काढून बसवल्यावर ८० ते १०० किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासायचे असतात. नटाखालचा रंग, धूळ दबते आणि ओढ थोडी उतरते. अलॉय व्हील असतील तर हे चुकवू नये. मागच्या महिन्यात टायर फिरवून घेतल्यानंतर मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे केले, बाबा टॉर्च धरून उभे होते. पंधरा नट जागच्या जागी क्लिक झाले. सोळावा किंचित फिरला, मग क्लिक झाला. डावीकडच्या मागच्या चाकाचा, नव्या स्टडवरचा.